पहिल्या बसची झोप

शेवटच्या थांब्यावरून सुटणारी पहाटेची पहिली बस ही बस नव्हेच, ती चाकं लावलेली झोपायची खोली आहे, असं तिचा ड्रायव्हर म्हणायचा. लोक चढायचे, आपापली जागा धरायचे, आणि गाडीने पहिलं वळण घ्यायच्या आत माना कलायच्या. त्या खोलीत दोघंच जागी असत. एक तो स्वतः, कारण त्याला पगारच त्याचा होता. दुसरी गजरमावशी, आणि तिला त्याचा छदामही मिळत नव्हता.

मावशी मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. चादरी, उशांचे अभ्रे, शस्त्रक्रियेच्या वेळी पांघरायची कापडं. ओल्या चादरीचे दोन कोपरे दोन बायकांनी धरून ती तापलेल्या रुळाखाली सरकवायची, आणि पलीकडून ती कडक, सपाट, वाफाळत निघायची. त्या रुळासमोर डुलकी म्हणजे बोटं गेलीच. अर्धं आयुष्य तिथे उभं राहून मावशीच्या अंगातून बसल्या जागी झोपण्याची कलाच निघून गेली होती. बिछान्याला पाठ टेकली तरच तिचा डोळा लागायचा, आणि तोही वरवर, दुधावर साय धरावी तसा.

शहराच्या या टोकाला ती आणि तिचा नवरा आले ते एका रविवारी घर बघून. नवरा फरश्या बसवणारा. रस्त्यावर मोठी पाटी होती : शहरापासून अवघ्या काही मिनिटांवर. रविवारचा रस्ता रिकामा, वारा मोकळा, आणि घर दाखवणारा माणूस असा गोड बोलत होता की भिंतींना गिलावा नाही हेही त्याच्या तोंडून सोय वाटत होती. रविवारी पाहिलेलं घर सोमवारी तिथे नसतं. सोमवारी मावशी अंधारात कामाला निघाली, अंधारात परत आली, आणि दारात चपला काढता काढता म्हणाली, "अहो, त्या पाटीत काही मिनिटं म्हटलंय, ती कुणाची?"

"लिहिणाऱ्याकडे हेलिकॉप्टर असणार," नवरा म्हणाला.

पण घर होतं. दोन खोल्या, समोर कसलीच इमारत नाही, आणि जमीन अशी की येणारा-जाणारा खाली बघत राहायचा. नवऱ्याने उभ्या जन्मात ज्या ज्या घरांत फरश्या बसवल्या, तिथून उरलेली एकेक तो मागून आणायचा. त्या सगळ्या त्याने इथे बसवल्या. एक निळी नक्षीची, एक काळीभोर, एक समुद्राच्या वाळूसारखी. कुणाच्या बैठकीतली, कुणाच्या स्नानघरातली. दुसऱ्यांच्या घरांचे तुकडे जोडून त्याने त्यांचं घर केलं होतं. पुढे त्याचे गुडघे गेले आणि काम सुटलं. ती जमीन मात्र राहिली.

बसमधला कारभार सुरू झाला तो एका रखवालदारापासून. धिप्पाड माणूस, दाराच्या चौकटीएवढे खांदे, बाजारातल्या एका मोठ्या दुकानाच्या दाराशी उभा असायचा. एकदा तो अगदी ओशाळून म्हणाला, "मावशी, बाजार आला की एवढी हाक मारा हो. काल पार आगारापर्यंत गेलो. मालक म्हणाले, झोपायचं असेल तर दुकानात पलंगही विकायला आहेत, एखादा घ्या."

मावशीने त्याला उठवलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारच्याने विचारलं, मग त्याच्या मागच्याने. थोड्याच दिवसांत असं झालं की पुलाला उतरणाऱ्याला हाक मारावी तर बाजाराचे दोघं दचकून उभे राहायचे. एकाची हाक दुसऱ्याला लागू नये म्हणून मावशीने धुलाईघरातली युक्ती बसमध्ये आणली. तिथे कुठल्या कक्षाचं गाठोडं कुठलं हे कळावं म्हणून त्यांना रंगीत चिमटे लावायचे. कपड्यांचे साधे प्लास्टिकचे चिमटे. टवका उडाला की टाकून द्यायचे. टाकलेले ते चिमटे मावशीने मागून घेतले. पुलाला लाल, कारखान्यांना निळा, शाळेला हिरवा, बाजाराला पांढरा. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ते भरून ती दाराजवळच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसायची. चढताना लोक आपापला चिमटा उचलायचे, कॉलरला नाहीतर पदराला लावायचे आणि निर्धास्त व्हायचे. उतरताना चिमटा डब्यात. इस्पितळाला रंग नव्हता. सगळ्यांत शेवटी तिथे उतरणारी मावशी एकटीच, आणि तिला उठवण्याचा प्रश्नच नव्हता.

सगळेच काही सरळमार्गी नव्हते. कारखान्यांपाशी उतरणारा एक कारकून रोज शाळेचा हिरवा चिमटा उचलायचा.

"तुमचा थांबा निळा ना हो?"

"निळाच. पण हिरवा लावला की दोन घास झोप जास्त मिळते, मावशी."

"आणि शाळेपासून मागे चालत कोण येणार?"

"तो उठलेला मी. त्याचं तो बघेल. झोपलेल्या मी त्याच्या भानगडीत का पडू?"

मावशी हसायची, आणि बस सुरू झाली की मागे वळून बघायची. इतकी वर्षं झाली तरी ते बघताना तिचा श्वास अडायचा. बाहेर काळोखात अर्धवट पुलाचे खांब मागे जात, पाण्याच्या टाक्या, रिकामे भूखंड, कुठे एखादी पेटलेली खिडकी. आत मंद पिवळा दिवा, आणि त्याखाली माणसंच माणसं, सगळी एकाच वाऱ्याने वाकलेल्या कणसांसारखी एका बाजूला कललेली. दिवसभर पोरांना धाकात ठेवणाऱ्या शाळेच्या मोठ्या बाई तोंड किंचित उघडं टाकून झोपलेल्या. रखवालदाराचं डोकं कुण्या अनोळखी म्हाताऱ्याच्या खांद्यावर, आणि त्या म्हाताऱ्याचा गाल त्याच्या डोक्यावर. जागेपणी हे दोघं एकमेकांना सरकून जागाही देत ना. हात मात्र सगळ्यांचे उघडे असत. मुठी सुटलेल्या, तळवे वर. दिवसभर ज्या हातांनी काहीतरी धरायचं, ओढायचं, लिहायचं, ते हात असे मांडीवर ठेवून दिलेले, कुणीही उचलून न्यावे असे.

एवढी माणसं आपल्याला त्यांच्या पापण्या सांभाळायला देऊन गेली आहेत, हे तिला कधी पुरतं पटलंच नाही. घरी ती नवऱ्याला सांगायला जायची आणि शब्द अपुरे पडायचे. "अहो, मोठी माणसं हो. दाढीमिशावाली. लहान होतात अगदी."

उठवण्याचीही तिची एकेकाची तऱ्हा होती. मोठ्या बाईंच्या कानाशी हळूच म्हणायचं, "घंटा झाली." रखवालदाराला "मालक आले" म्हटलं की पुरे. एका तरुण मुलीला हाक मारलेली चालत नसे. तिच्या मांडीवरची पिशवी अर्धी वीत सरकवायची, की ती आपोआप डोळे उघडायची. ही मुलगी दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची, म्हणून बसभर तिचं नाव दातवाली. नुकतंच लग्न होऊन ती इथे राहायला आली होती. पहिले काही दिवस तिने खिडकीला डोकं टेकून रडण्यात घालवले आणि मग बाकीच्यांसारखी झोपू लागली.

अशात एके दिवशी धुलाईघराच्या मुख्य बाईंनी मावशीला बाजूला घेतलं. कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांपैकी एक रिकामी झाली होती. धुलाईघराच्या बरोबर डोक्यावर. मावशीने फार वर्षांपूर्वी मागून ठेवली होती आणि मागितल्याचं विसरूनही गेली होती.

"दोन मिनिटांत कामावर, ताई!" जिना चढता चढता मुख्य बाई म्हणाल्या. "तुमच्या यजमानांच्या गुडघ्यांना डॉक्टरही हाकेच्या अंतरावर. शनिवारी सकाळी काम सुरू व्हायच्या आत हो की नाही सांगा. मागे रांग आहे."

खोली स्वच्छ होती. एक खिडकी, तिच्यातून धुराडं दिसायचं. मावशीने चपला काढल्या. जमीन कोमट होती, खालच्या यंत्रांची ऊब वर येत होती. कोपऱ्यात कुणीतरी विसरलेल्या पेल्यात पाणी होतं आणि त्या पाण्यावर बारीक वलयं उठत होती, एकसारखी, न थांबता.

"आणि कधी रात्री-अपरात्री गाठोडी जास्त आली," मुख्य बाई मोकळेपणाने म्हणाल्या, "तर नुसतं खालून हाक मारायची. लांब राहणाऱ्यांना ते जमत नाही ना."

"हो ना," मावशी म्हणाली. तिचं लक्ष पेल्याकडे होतं.

खाली रुळावर तिची जोडीदारीण वाटच बघत होती. दोघी वर्षानुवर्षं एकाच चादरीची दोन टोकं धरत आलेल्या. जोडीदारणीची मुलं लहान, शेजारणीकडे ठेवून यायची. दोन बस बदलून ती यायची, आणि मूल तापलं की तिचा जीव अर्धा इकडे, अर्धा तिकडे. रांगेत मावशीमागे तीच होती.

"हो म्हण गं ताई," ती म्हणाली. "माझ्याकडे बघू नकोस. तुझा नंबर आहे, तू घे." पण चादरीचं टोक तिने नेहमीपेक्षा जरा जास्तच ताणून धरलं होतं.

हो म्हणायला हरकत कसलीच नव्हती. मावशीचे पाय संध्याकाळी सुजायचे. नवरा जिना उतरताना भिंत धरायचा. ज्याला ज्याला कळलं त्याने टाळी द्यायला हात पुढे केला. एकटी मावशी रात्री आढ्याकडे बघत पडून राहायची.

"काय विचारतेस त्या छताला रोज?" चौथ्या-पाचव्या रात्री नवरा म्हणाला. "मी शेजारीच आहे. मलाही विचार की."

"काही नाही हो."

"फरशीचं म्हणत असशील तर सोडून दे. फरशी काय, पायाखालचीच वस्तू. खोली हातची घालवू नकोस. आवळा देऊन कोहळा काढणार आहेत ते, हे मलाही दिसतंय. पण कोहळा इथूनही जातोच आहे ना तुझा, रस्त्यात सांडत."

मावशी कुशीवर वळून म्हणाली, "बसचं काय होणार?"

नवरा इतका हसला की गुडघा दुखायला लागला. "अगं, बस सरकारची आहे!"

"बस सरकारची. झोप माझ्याकडे ठेवलेली असते."

यावर तो हसला नाही. उठून बसला, गुडघा चोळत राहिला. "मग कुणाला तरी शिकव," तो म्हणाला. "मी माझी थापी पुतण्याच्या हातात दिलीच ना? पहिल्याच दिवशी त्याने अख्खी ओळ वाकडी लावली. मी दुसरीकडे तोंड केलं. शिकला."

शिकवण्यासाठी मावशीने दातवालीला निवडलं, कारण तरुण पोर होती आणि कवळी बनवणाऱ्याला धीर असावा लागतो असा मावशीचा हिशेब होता. दातवाली घाबरली. "मला नाही जमणार, मावशी. माझा नवरा म्हणतो मी उभ्याने झोपते."

"म्हणूनच उभी राहा. चालत राहायचं. चिमटा बघायचा, थांबा बघायचा, हळू हाक मारायची. यात काय आहे?"

खरंच, तिला वाटत होतं, यात काय आहे?

शनिवार उजाडायच्या आधीच बस निघाली. मावशीने मनाशी ठरवलं होतं : पोरीला जमलं तर हो सांगायचं. उत्तर आता तिच्या हातात नव्हतं, दातवालीच्या हातात होतं, आणि त्यामुळे तिला हलकं वाटत होतं. "डबा मी धरते," ती म्हणाली. "तुझे हात मोकळे राहू देत." दातवाली दांडी धरून बाकांमधल्या वाटेत उभी राहिली, परीक्षेला आल्यासारखी. मावशीने मागे वळून एकदा सगळ्यांकडे पाहिलं, शेवटचं पाहावं तसं. मग समोर तोंड केलं, मान टेकवली. नुसतं बघू, तिला वाटलं, यांना कसं वाटतं ते. क्षणभर.

बस गुणगुणत होती. आसनाखालून ऊब येत होती. मागून कितीतरी श्वास एकमेकांत मिसळून येत होते आणि त्या श्वासांना गाडीच्या हेलकाव्याची लय होती. कुणीतरी जागं आहे, आपण नसलो तरी चालेल, असं एक वाक्य तिच्या मनात अर्धं तयार झालं. पुढचं अर्धं झालंच नाही.

डोळे उघडले तेव्हा डोळ्यांवर ऊन होतं.

इतकं ऊन तिने बसमध्ये कधी पाहिलंच नव्हतं. गाडी उभी होती. इंजिन बंद. समोर उंच छपराखाली बसच्या बस ओळीने थांबलेल्या, आणि त्यांच्या काचांवर सकाळ लखलखत होती. चिमण्या पायऱ्यांवरून आत येऊन कण शोधत होत्या. अंग असं हलकं झालं होतं, जणू कुणी ते धुवून, पिळून, दोरीवर वाळत घातलं होतं. आपण कुठे आहोत, कोण आहोत, हे तिला थोडा वेळ आठवलंच नाही, आणि आठवावंसंही वाटलं नाही.

"मावशी?"

शेजारी दातवाली बसली होती, तिचा खांदा जरा अवघडलेला. मावशीच्या ध्यानात आलं की इतका वेळ आपलं डोकं त्याच खांद्यावर होतं.

"अगं, तुझा बाजार! तू उतरली नाहीस? आणि माझं इस्पितळ—"

"इस्पितळ गेलं मागे. आगारात आहोत आपण." मुलीचा चेहरा रडवेला झाला. "माझं सगळं चुकलं, मावशी. कारखान्यांपाशी मी निळ्यांना उठवलं, आणि हिरव्यांनाही उठवलं. या दिव्यात दोन्ही रंग सारखेच दिसतात हो! तुम्ही सांगितलंच नाहीत."

मावशी तिच्याकडे बघतच राहिली. तिने सांगितलं नव्हतं, कारण तिला स्वतःलाच ते ठाऊक नव्हतं. चिमटे लोकांसाठी होते. ती चिमटे बघतच नव्हती कधी, चेहरे बघायची.

"मग?"

"मग काय," पुढून ड्रायव्हर म्हणाला. तो आपल्या जागेवर मागे तोंड करून बसला होता, हातात चहा. "अर्धी शाळा कारखान्याच्या फाटकाशी उभी, डोळे मिटलेलेच. मोठ्या बाई पहारेकऱ्याला म्हणतायत, ओळीत उभे राहा. मी आरशात बघतो तर हे! भोंगा वाजवणार होतो, पण तुम्ही अशा झोपलेल्या, की माझा हातच होईना. उतरलो खाली आणि एकेकाला दंडाला धरून आणलं."

"अगं बाई."

"आणि गंमत ऐका. हिरव्यांत बरोबर जागी उतरला तो एकटा आपला कारकून. आणि तोच सगळ्यांत जास्त चिडला. म्हणतो, माझे दोन घास गेले!"

मावशीला हसू आलं. "कुणी काही बोललं नाही हिला? ओरडलं नाही?"

"ओरडणार होते," दातवाली म्हणाली. "मोठ्या बाई तर तोंड उघडून चढल्या. मग त्यांनी तुम्हाला पाहिलं. तोंडावर बोट ठेवलं आणि मागे वळून सगळ्यांना म्हणाल्या, हळू. मावशी झोपल्यात. मग कुणी झोपलंच नाही. उरलेली वाट सगळे जागे होते. पण आवाज नाही एकाचाही. रखवालदारकाका उतरताना दोन्ही हातांत बूट घेऊन गेले, मावशी. पायऱ्यांवर वाजू नयेत म्हणून."

मावशीचं लक्ष स्वतःच्या शालीकडे गेलं. शालीच्या काठाला चिमटे लावलेले होते. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, लाल, निळे, हिरवे, पांढरे.

"डब्याच्या झाकणावर तुमचा हात होता," दातवाली हळूच म्हणाली. "तो कुणी हलवेना. मग टाकायचे कुठे? म्हणून शालीला लावले. आधी एकाने लावला, मग सगळ्यांनी. इतकं हलक्या हाताने लावत होते. मला वाटलं, आता जाग्या होतील, आता होतील."

मावशीने एक पांढरा चिमटा बोटांत धरला. काढला नाही. एवढी माणसं इतक्या जवळ आली, वाकली, तिच्या अंगावरच्या कापडाला हात लावून गेली, आणि तिला कळलंही नाही. तिला भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी तिला असं वाटलं, की इतकी वर्षं ती एका मोठ्या पंगतीत वाढत होती, ताटं भरत होती, भुकेल्यांचे चेहरे खुलताना बघून थक्क होत होती, आणि त्या अन्नाची चव काय असते ते तिने आज पहिल्यांदा पाहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. गाढ झोप कुठे असते म्हणून ती रात्र रात्र आढ्याला विचारत होती, आणि ती रोज तिच्या पाठीमागच्या बाकांवर होती.

"का नाही उठवलंस मला इस्पितळापाशी?"

"गेले होते उठवायला. तुमचा हात असा होता." दातवालीने आपला तळवा मांडीवर उलटा ठेवून दाखवला. वर तोंड केलेला, बोटं सुटलेली. "नाही उठवता आलं."

ड्रायव्हरने चहा संपवला आणि गाडी सुरू केली. परतीच्या फेरीत त्याने दोघींना आपापल्या कामाच्या दारात सोडलं.

धुलाईघरात मावशी शिरली तेव्हा रूळ केव्हाचा तापला होता. वर्षानुवर्षांत पहिल्यांदा तिच्या जागेवर दुसरीच कुणी उभी होती. वाफेतून जोडीदारणीने तिच्याकडे पाहिलं, आणि चिमट्यांची ती शाल बघून तिच्या हातातलं चादरीचं टोक तिरकं गेलं.

"हे काय हो, ताई?" मुख्य बाई पुढे आल्या. "तब्येत बरी आहे ना? मी तुमच्यासाठी थांबवून ठेवलंय सगळं. ही तुमची जोडीदारीण सकाळपासून माझ्या दारात उभी होती, तरी म्हटलं, ताईंचा नंबर, ताईंनाच विचारायचं."

"मी झोपले होते," मावशी म्हणाली.

"झोपला होतात? कुठे?"

"बसमध्ये." हे सांगताना तिचा चेहरा असा उजळला, की मुख्य बाईंना रागवायचं राहून गेलं. "बाई, खोली हिला द्या. हिची पोरं लहान आहेत. तिला खरंच दोन मिनिटं हवीयत. मला नकोत."

"अहो, नीट विचार करा. रोज एवढा रस्ता!"

"रस्ता आहेच," मावशी म्हणाली. "तेवढा एकच वेळ आहे बघा, ज्यात मला खालूनही कुणी हाक मारत नाही आणि वरूनही."

जोडीदारीण रूळ सोडून येऊ शकत नव्हती. चादर अर्धी आत गेली होती. तिने नुसतं ओठ दाबून मान हलवली, आणि वाफेमुळे म्हणा किंवा कशामुळे, दंडाने डोळे पुसले.

संध्याकाळी मावशी घरी पोचली तेव्हा नवरा उंबऱ्याशी जमिनीवर बसला होता, गुडघे कसेबसे दुमडून. ती दिसताच त्याने काहीतरी पाठीमागे सारलं. मावशीने वाकून पाहिलं. छिन्नी होती. उंबऱ्याजवळची निळी नक्षीची फरशी, त्याने या घरात बसवलेली अगदी पहिली, चारही बाजूंनी मोकळी झाली होती.

"सैल झाली होती," तो म्हणाला. "आपोआप."

"छिन्नीही आपोआप आली?"

तो कुरकुरत म्हणाला, "एक तरी न्यावी म्हटलं तिकडे. पायाखालचीच वस्तू, पण एक तरी."

"कालवा सिमेंट," मावशी म्हणाली. "बसवा परत. कुठेही जात नाही आपण."

तिने सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि शेवटी मान हलवत म्हणाला, "लोक झोपायला घर घेतात. माझ्या बायकोने झोपायला बस घेतली!" पण बोलता बोलता त्याचा हात सिमेंटच्या पिशवीकडे गेला होता, आणि त्या रात्री फरशी ओळीत बसेपर्यंत तो जेवायलाही उठला नाही.

सोमवारी पहिल्या बसमध्ये फार काही बदललं नव्हतं. हिरव्या चिमट्यांना आता दोऱ्याची गाठ मारलेली होती, बोटांना कळावी अशी. एक दिवस मावशी आणि एक दिवस दातवाली असं ठरलं. त्यात रखवालदाराने स्वतःहून बुधवार मागून घेतला, तेव्हा कारकून म्हणाला की बुधवारी आपण घरूनच चालत निघू. दातवालीच्या दिवशी मावशीसाठीही रंग हवा म्हणून नवऱ्याने एका चिमट्याला फरशीच्या सांध्यात भरायचा राखाडी रंग लावून दिला होता. तो तिच्या पिशवीत होता, उद्यासाठी.

आज पाळी तिची होती. पहिलं वळण आलं, माना कलल्या. खिडकीपाशी दातवाली झोपली होती, खांदा अजून जरा तिरका धरून. मावशीने मागे वळून पाहिलं. तेच बाक, तोच पिवळा दिवा, तेच उघडे तळवे. पण आजवर ती हे काठावरून बघत होती, आणि आता ते पाणी किती खोल आहे आणि किती ऊबदार, हे तिच्या अंगाला ठाऊक होतं. तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

पुलाचा उतार लागला. लाल चिमट्याचा म्हातारा रखवालदाराच्या डोक्यावर गाल टेकून निजला होता. त्याला उठवायला ती उठली, दांडी धरत त्याच्यापाशी गेली, हात पुढे केला. मग हात तसाच हवेत ठेवून तिने ड्रायव्हरकडे पाहिलं. तो आरशातून तिच्याकडेच बघत होता. तिने मान हलवली, आणि त्याने, कुणाला कळणार नाही अशी, गाडी जरा हळू केली.